टायर पॉलिश लावताना शिंतोडे, ओघळ, काळे हात: पसारा टाळायचा कसा?

पाना_तेरा:
मंडळी, गाडी धुण्याच्या धाग्यावर टायर पॉलिशचा विषय निघाला की बाकी सगळी चर्चा बाजूला पडते, म्हणून इथे वेगळा धागा काढतोय. तक्रारी त्याच त्याच आहेत. पॉलिश लावलं, गाडी झकास दिसली, एक चक्कर मारून आणली तर चाकामागच्या पत्र्यावर नि दारावर बारीक काळपट ठिपके. नाहीतर अलॉयवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या रिमवर, ओघळ. नाहीतर फरशीवर तेलकट डाग आणि त्यावरून पाय सटकतोय. नाहीतर दोन दिवसांत टायरवर धुळीचा असा थर की पॉलिश न लावलेला टायर बरा दिसला असता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, ह्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, जास्तीचं पॉलिश. टायरला धरून ठेवता येतं ते फारच थोडं, १६ इंची चाकाच्या एका बाजूला ५ ते १० मिली, म्हणजे चहाचे एक-दोन चमचे, एवढ्यात काम होतं. त्यावरचं सगळं टायरवर नुसतं बसून राहतं आणि चाक फिरलं की सुटतं.

किती जोरात सुटतं ते बघा. २०५/५५ आर १६ ह्या मापाचा टायर घ्या, बाहेरचा व्यास साधारण ६३ सेंटीमीटर भरतो. ताशी ६० किलोमीटरला तो सेकंदाला आठाच्या वर फेऱ्या मारतो आणि कडेवरच्या थेंबाला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ९० पटींच्या आसपास जातो. १०० च्या स्पीडला तोच जोर २५० पट होतो कारण तो स्पीडच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे आतल्या रस्त्यावर हळू फिरवून बघितली, काही उडालं नाही, म्हणजे झालं, असं नसतं. हायवेला लागलात की जे सुटायचं ते तिथे सुटतं आणि चाकामागच्या पत्र्यावर जाऊन बसतं.

आता काम कसं करायचं ते. टायर आधी खरोखर स्वच्छ पाहिजे, नुसतं पाणी मारून नाही. ऑल पर्पज क्लीनर किंवा टायर क्लीनर मारायचा, कडक केसांच्या ब्रशने गोल गोल घासायचं, आणि फेसाकडे लक्ष ठेवायचं. पहिल्या वेळी फेस तपकिरी येतो, कधीकधी अगदी गढूळ. धुवायचं, परत मारायचं, परत घासायचं. फेस पांढरा राहिला की टायर झाला. बहुतेक लोक पहिल्या फेसावर थांबतात आणि मग जुन्या पॉलिशच्या, धुळीच्या थरावर नवीन थर चढवतात. तो रबराला चिकटलेलाच नसतो, मळाला चिकटलेला असतो, आणि मळासकट उडतो.

पुढची पायरी म्हणजे वाळवणं, आणि इथेच घाई होते. टायर वरून कोरडा दिसतो पण अक्षरांच्या खाचांत, रिमच्या कडेला लागून असलेल्या फटीत पाणी साठलेलं असतं. जुन्या टॉवेलने टिपून घ्या, ब्लोअर असेल तर खाचांतून हवा मारा, नसेल तर गाडी सावलीत थोडा वेळ सोडून द्या.

लावताना बाटली टायरवर धरायचीच नाही. स्पंजवर घ्यायचं, स्पंज बोटांनी एकदा दाबून आत मुरवायचं, मग टायरला लावायचं. वरपासून खालपर्यंत एकदा, मग त्याच स्पंजने परत एकदा, नवीन पॉलिश न घेता. पातळ थर. १०-१५ मिनिटं थांबायचं. आणि मग जुन्या मायक्रोफायबरच्या फडक्याने पूर्ण टायर हलक्या हाताने पुसून काढायचा. पुसलं की चमक जाईल अशी लोकांना भीती वाटते, पण जाते ती चिकचिक, काळेपणा राहतो. अजून चमक हवी असेल तर दुसरा पातळ थर द्या, परत थांबा, परत पुसा. एक जाड थर आणि दोन पातळ थर, दिसायला सारखे, वागायला अजिबात नाहीत.

शेवटी बोट फिरवून बघा. बोटाला काळं किंवा ओलं लागलं तर गाडी काढू नका.

नवी_किल्ली:
खूप छान लिहिलंय दादा. एक शंका, माझी गाडी अगदी नवी आहे, टायरही नवेच, तरी पॉलिश नीट बसत नाही, कुठे चमकतं कुठे फिकट, पट्टे पट्टे दिसतात. घासायचं म्हणालात पण नवीन टायरला काय घासायचं असा प्रश्न पडला.

पाना_तेरा:
नवीन टायरलाच जास्त घासायचं. टायर साच्यात भाजतात ना, तो साच्याला चिकटू नये म्हणून आतून रिलीज एजंट मारलेला असतो, त्याचा अंश साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, राहतो. त्यावर पॉलिश सारखं पसरत नाही. दोन-तीनदा क्लीनर मारून घासा, पट्टे जातील. नवीन टायरवर सुरुवातीचं अंतर जरा जपून चालवा म्हणतात त्यामागेही हे एक कारण आहेच, नवा टायर पहिल्या दिवसापासून पूर्ण पकड देत नाही.

रसायनवाली:
पाना_तेरा, तपकिरी फेसाबद्दल थोडी भर घालते कारण सगळ्यांना वाटतं ती नुसती धूळ आहे. धूळ असतेच, पण त्यातला बराचसा रंग टायरच्या आतून आलेला असतो.

शुद्ध रबर काळं नसतं. अगदी सुरुवातीचे टायर फिकट, पांढुरके असायचे. १९१० च्या दशकात टायरमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक भुकटी, घालायला सुरुवात झाली आणि टायर काळे झाले, पण रंग हा त्याचा जोडफायदा, खरा फायदा हा की रबर खूप जास्त टिकतं, झिजेला उभं राहतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनाही. दुसरा शत्रू ओझोन. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला बारीक बारीक चिरा पाडतो. त्यासाठी रबरात मेण आणि सिक्स-पीपीडी सारखी ओझोनरोधक रसायनं मिसळतात. ही रसायनं जागच्या जागी बसत नाहीत, हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात, ओझोनशी आधी तीच भिडतात आणि तपकिरी पडतात. ह्याला ब्लूमिंग म्हणतात. म्हणजे टायर तपकिरी दिसतोय ह्याचा अर्थ तो खराब झाला असा नाही, त्याचं संरक्षण काम करतंय.

चाक फिरताना रबर सतत दबतं-सुटतं, त्यामुळे मेण वर येत राहतं. म्हणूनच महिनोन्महिने एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर चिरतात आणि रोज चालणाऱ्या गाडीचे तेवढे चिरत नाहीत.

आणि जाता जाता, हे सिक्स-पीपीडी ओझोनशी भिडून जे बनतं, सिक्स-पीपीडी-क्विनोन, तेच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओढ्यांमधले कोहो सामन मासे मारतंय हे २०२० मध्ये सिद्ध झालं. ते मुख्यतः रस्त्यावर झिजलेल्या टायरच्या कणांतून पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. पण घासून काढलेलं तपकिरी पाणी तरी थेट ओढ्यात, तळ्यात जाणार नाही अशा जागी गाडी धुवा, एवढं आपल्या हातात आहे.

धावपट्टी:
ताई मग रोज रोज घासून ते संरक्षण आपणच काढून टाकतो की काय??

रसायनवाली:
वरचा थर निघतो, आत साठा असतो, परत येतो. पॉलिश लावायचं तेव्हा घासा, एरवी साध्या शॅम्पूने धुवा. टाळायचं ते पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि थिनर. ही द्रावणं रबरात शिरतात, रबर फुगवतात, आणि आतलं मेण नि तेलं घेऊन बाहेर पडतात.

पॉलिशमध्येही हाच फरक बघायचा. ढोबळपणे दोन जाती. एक पाण्यावर आधारलेली, दिसायला दुधासारखी पांढरी, त्यात सिलिकॉनचे किंवा ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण पाण्यात विरलेले असतात, पाणी उडून गेलं की पातळ थर मागे राहतो. हाताला कोरडा लागतो, फार झगझगीत नाही, नव्या टायरसारखा काळा दिसतो. दुसरी सॉल्व्हंटवाली, पारदर्शक, तेलकट, पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये सिलिकॉन तेल. ओल्यासारखी चकाकी हिची, पाण्यातही जास्त टिकते, पण वाळायला वेळ घेते, उडते जास्त, धूळही धरते. पसारा नको हा ज्याचा मुख्य मुद्दा आहे त्याने पांढरी घ्यावी. चकाकीसाठी पारदर्शक घेतलीच तर पुसण्याला पर्याय नाही.

जुना_ड्रायव्हर:
इथल्या मंडळींना नमस्कार. आयुष्य गाड्यांवर गेलं, मालकांच्या गाड्या सांभाळल्या. आमच्या वेळी ह्या बाटल्या नव्हत्या. फडक्याला डिझेल लावायचं, टायरवरून फिरवायचं, काळाभोर. काही जण ब्रेक ऑइल लावायचे. टायर चाललेच की. एवढं घाबरवू नये असं मला वाटतं.

रसायनवाली:
काका, तुमचा अनुभव मोठा आहे, आणि टायर एका वेळेत फुटत नाही हे खरंच आहे. पण तेव्हा टायर बरेचदा झीज होऊनच बदलला जायचा, रोजचं रनिंग जास्त असायचं, साइडवॉल वयाने चिरण्याआधी रस्त्याला टेकणाऱ्या भागावरची नक्षी संपायची. आता पुष्कळ घरगुती गाड्या वर्षाला थोड्याच फिरतात, टायर नक्षी शिल्लक असतानाच म्हातारे होतात. अशा टायरला डिझेल लावणं म्हणजे चिरांना आमंत्रण. ब्रेक ऑइलचा धोका वेगळा, ते पेंट खातं. टायरवरून उडून फेंडरवर बसलं तर रंग मऊ पडतो, फुगतो, निघून येतो. सिलिकॉनचा ठिपका निदान पुसता तरी येतो.

जुना_ड्रायव्हर:
हे पटलं. ब्रेक ऑइलने रंग उडतो ते डोळ्यांनी पाहिलंय, बोनेटखाली सांडलं की बाजूचा पत्रा उघडा पडतो. डिझेल लावल्यावर टायरला माती फार चिकटायची हेही खरं, पण कच्च्या रस्त्याला ते चालायचंच म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून घ्या. टायर घासायला बसता तेव्हा तो नुसता घासू नका, बघा. हात फिरवा. साइडवॉलला फुगवटा हाताला आधी कळतो, डोळ्याला नंतर. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेत, तो टायर त्याच दिवशी उतरवायचा, पॉलिश लावून झाकायचा नाही.

पाना_तेरा:
काका हा मुद्दा सोन्यासारखा. त्यात भर म्हणून, डीओटी ह्या अक्षरांनी सुरू होणारा कोड साइडवॉलवर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे. २३२२ असेल तर २०२२ सालचा २३ वा आठवडा. कधीकधी हे चार आकडे टायरच्या आतल्या बाजूलाच असतात, बाहेर अर्धाच कोड असतो, तर खाली वाकून बघावं लागतं. टायर स्वच्छ घासलेला असतो तेव्हा हे वाचायला सगळ्यात सोपं, पॉलिशच्या थराखाली नाही.

घाई_गडबड:
मला एवढा वेळ नसतो हो. स्प्रेचा कॅन आणलाय, गोल फिरवून मारला की दोन मिनिटांत चारही चाकं. फक्त रिमवर उडतं ते नंतर पुसतो. ह्यात काय वाईट?

रंगकाम:
रिमवर उडालेलं पुसता, पण रिमच्या आत काय आहे ते बघा. ब्रेक डिस्क. अलॉयच्या मोकळ्या फटींतून स्प्रेचा फवारा सरळ डिस्कवर जातो. सिलिकॉन तेल ब्रेकवर नको म्हणजे नको. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ करता येते, पॅडमध्ये मुरलं तर पॅड बदलावे लागतात. शिवाय बहुतेक कॅनमधला गॅस ज्वलनशील असतो, नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचे ब्रेक कडक तापलेले असतात. गार होऊ द्या.

कॅन फेकून द्या म्हणत नाही. स्प्रे स्पंजवर मारा, मग स्पंज टायरवर. तेवढंच काम, वेळही तेवढाच.

घाई_गडबड:
ब्रेकचं डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून स्पंजवरच.

रंगकाम:
मी बॉडी शॉपमध्ये पेंटचं काम करतो म्हणून अजून थोडं लिहितो. आमच्याकडे सिलिकॉनवालं काहीही पेंट बूथच्या आसपास आणायला बंदी असते. कारण पत्र्यावर सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म अंश राहिला आणि वरून रंग मारला तर रंग तिथून मागे सरकतो, गोल खड्डा पडतो, मधे खालचा थर दिसतो. आम्ही त्याला फिश आय म्हणतो. तेवढा भाग परत घासून परत मारावा लागतो. गाडी डेंटिंग-पेंटिंगला द्यायची असेल तर त्याच्या आधी टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश काहीही मारू नका, आणि मारलं असेल तर पेंटरला सांगा, तो वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हरने नीट पुसून घेईल.

दारावरचे ठिपके काढायची रीत. कोरड्या फडक्याने घासायचं नाही, प्रत्येक ठिपक्यात रस्त्याची बारीक वाळू चिकटलेली असते, त्याने क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, जाळीसारखे ओरखडे येतात. आधी पाण्याने धूळ घालवा. मग शॅम्पू. उरले ते ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात करून, फडक्यावर घेऊन, ठिपक्यावर क्षणभर दाबून धरा आणि एका दिशेने उचलत पुसा. तरी राहिलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं. नंतर त्या जागी वॅक्स परत लावा कारण ह्याने वॅक्सही निघतं.

दोनचाकी_मन:
बाईकच्या टायरला लावलं तर चालेल का? शोरूममधून आली तेव्हा टायर कसले काळेभोर होते.

पाना_तेरा:
नाही. अजिबात नाही. पातळ थर, पांढरं पॉलिश, काहीही असो, दोनचाकीला नाही.

गाडीला साइडवॉल आणि रस्त्याला टेकणारा पट्टा वेगवेगळे असतात, बाईकचा टायर गोलाकार असतो, वळणावर झुकलात की कडेचा भाग रस्त्यावर येतो. जिथे तुम्ही पॉलिश लावलं तिथेच पकड पाहिजे असते, आणि नेमकी झुकलेली असताना पाहिजे असते. साइडवॉलला लावलेलं गोल फिरून कडेपर्यंत पसरतं. साबणपाणी, ब्रश, एवढंच करा. बाईकचा टायर स्वच्छ धुतलेला असला तरी छान दिसतो.

गाडीच्या बाबतीतही नक्षीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, कधीच लावू नका. टायरच्या खांद्याच्या, म्हणजे साइडवॉल संपून नक्षी सुरू होते त्या कडेच्या, अलीकडे हात थांबवा. पेडलवर, स्टिअरिंगवर, पायाखालच्या मॅटवर हे पॉलिश लावणारे लोक आहेत, ते तर करूच नका, ब्रेकवरून पाय सटकला तर काय होईल ते लिहायला नको.

गच्चीखालचे_पार्किंग:
माझा त्रास वेगळा आहे, पार्किंगला गुळगुळीत टाइल्स आहेत. पॉलिशचे चार थेंब पडले तरी दुसऱ्या दिवशी लोक सांभाळून चालतात, घरात वयस्कर माणसं आहेत. धुतलं तरी निघत नाही, पाणी पडलं की उलट जास्त निसरडं.

रसायनवाली:
पाण्याने निघणार नाही, सिलिकॉन पाण्याला दाद देत नाही, म्हणूनच तर ते टायरवर टिकतं. आधी कोरड्या कागदाने टिपून उचला, पसरवू नका. मग डिशवॉश लिक्विड न पातळ करता ओता, ब्रशने घासा, गरम पाण्याने धुवा, दोनदा. आणि त्यावर पाय सरकवून बघा, डोळ्याला स्वच्छ दिसतं पण पायाला कळतं.

पाना_तेरा:
मुळात पडूच नये म्हणून, टायरच्या खाली पुढून-मागून पुठ्ठा सरकवा. खोक्याचा पुठ्ठा उघडून टायरच्या रुंदीपेक्षा मोठा घ्या, टायरला अगदी टेकवून ठेवा. वर्तमानपत्र नको, ते ओलं झालं की आरपार जातं.

ह्यावरून एक आठवलं जे पहिल्या पोस्टमध्ये राहिलं. टायरचा तळाचा भाग, जो गाडीच्या वजनाने दबून फुगलेला असतो, तिथे स्पंज नीट पोचत नाही आणि लोक तिथेच जोर देऊन लावायला जातात, मग खाली थेंब पडतात. तिथे झगडू नका. वरचा पाऊण भाग लावून घ्या, पुसा, मग गाडी फक्त अर्धा फेरा पुढे घ्या, म्हणजे साधारण एक मीटर, राहिलेला भाग वर आला की तो करा. मीटरभर हळू हलवल्याने काही उडत नाही. आणि पुढच्या चाकांना स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून घ्या, हात नीट बसतो, बॉडीला स्पंज लागत नाही.

अलॉयप्रेमी:
रिमच्या कडेला काळं लागतंच लागतं माझ्याकडून, कितीही जपलं तरी. पेंटरची टेप लावायची का?

रंगकाम:
टेप लावण्यात टायर पॉलिशपेक्षा जास्त वेळ जाईल. स्पंज बदला. चौकोनी सपाट स्पंजऐवजी टायरच्या गोलाईला बसेल असा आत वळलेला मिळतो, त्याची कड रिमच्या कडेला टेकत नाही. किंवा एक इंची पेंटचा ब्रश घ्या, केस छोटे कापून घ्या म्हणजे कडक होतो, रिमला लागून असलेला दोन बोटांचा भाग आधी ब्रशने, बाकी स्पंजने. अक्षरांच्या खाचांतही ब्रशच चांगला जातो, फक्त त्या खाचांत साचून राहतं ते फडक्याच्या टोकाने टिपा. बरेच शिंतोडे त्या खाचांतून सुटतात, सपाट रबरावरून नाही.

लागलंच तर तिथल्या तिथे ओल्या मायक्रोफायबरने पुसा. वाळलं, उन्हात तापलं की मग घासत बसावं लागतं.

नवी_किल्ली:
उन्हाचं कसं? वाळायला ऊन चांगलं ना मग उन्हात का नको म्हणतात

रसायनवाली:
टायर धुतल्यावर वाळवायला ऊन चालेल, पण पॉलिश लावताना रबर गार पाहिजे. काळं रबर उन्हात हाताला चटका बसेल इतकं तापतं. त्यावर पांढरं पॉलिश लावलं तर पसरायच्या आत त्यातलं पाणी उडून जातं, जिथे स्पंज पहिल्यांदा टेकला तिथे जाड, बाकी ठिकाणी पातळ, आणि मग तेच पट्टे. सॉल्व्हंटवाल्याचंही तसंच. हाताचा तळवा टायरवर आरामात ठेवता आला की लावा.

धावपट्टी:
पावसाळ्यात काय करता सगळे? माझं एका सरीत उतरतं आणि रिमवर पांढुरके ओघळ दिसतात.

पाना_तेरा:
पांढुरके ओघळ म्हणजे पाण्यावरचं पॉलिश पूर्ण वाळायच्या आत भिजलं. लावून, पुसून, किमान तासभर कोरड्यात ठेवता येत असेल तरच लावा, रात्रभर ठेवता आलं तर उत्तम, बाटलीवर जो वेळ लिहिलाय तो पाळा. ग्लिसरीन लावणारे काही जण आहेत, ते पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे पावसात काहीच उरत नाही आणि कोरड्यात धूळ ओढून घेतं.

मी स्वतः पावसाळ्यात टायर नुसते धुतो. चिखलात चकाकी राहतही नाही आणि गरजही नसते. ज्यांना टिकाऊ काही पाहिजे त्यांच्यासाठी टायर कोटिंग असतं, ते रबरावर कोरडा थर धरतं, आठवडे टिकतं, उडत नाही. पण त्याला टायर शंभर टक्के स्वच्छ लागतो, जुन्या पॉलिशचा मागमूस नको, नाहीतर सालं निघाल्यासारखं निघतं. म्हणजे शेवटी घासणं आलंच.

अलॉयप्रेमी:
आज तुम्ही सांगितलं तसं केलं. फेस पांढरा येईपर्यंत घासलं, पांढरं पॉलिश, छोटा ब्रश, शेवटी पुसलं. पुसताना फडक्यावर इतकं काळं आलं की विश्वास बसेना, एवढं सगळं आधी दारावर जात असणार. हायवेवर जाऊन आलो, चाकामागे बोट फिरवलं, स्वच्छ. चमक कमी आहे पण मला हेच जास्त आवडलं, टायर टायरसारखा दिसतो, प्लास्टिकसारखा नाही.

आता त्या फडक्याचं काय करू? धुऊन बाकीच्यांत ठेवू का?

रंगकाम:
बाकीच्यांत अजिबात नाही. एकदा टायरला लागलेलं फडकं कायम टायरचं. त्यातलं सिलिकॉन धुऊन पूर्ण जात नाही, तेच फडकं काचेवर फिरलं तर पावसात वायपर मारला की समोर धूसर पट्टा येतो, रात्री समोरच्या गाडीच्या लाइटमध्ये काही दिसत नाही. मशीनमध्ये बाकीच्या मायक्रोफायबरबरोबरही धुऊ नका. कोपऱ्याला गाठ मारून ठेवा किंवा कोपरा कापून टाका म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून उचलणार नाही. स्पंज धुवायची गरजच नाही, झिप लॉक पिशवीत हवा काढून बंद करा, पुढच्या वेळी आत मुरलेलं असतंच, त्यामुळे पॉलिशही कमी लागतं. कड फाटायला लागली की टाकून द्या, फाटक्या कडेतून थेंब गळतात.

अलॉयप्रेमी:
कोपरा कापला. स्पंज पिशवीत. धन्यवाद सगळ्यांना.